पाठ नववा, प्रश्न चौथा

आमची ख्रिस्ती मंडळी टपालाने शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवते. बारा पाठ, पाठाला दहा प्रश्न, शेवटी प्रमाणपत्र. उत्तरपत्रिका तपासायचं काम माझ्याकडे. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेली, म्हणून चर्चचे पाळक म्हणाले, "ताई, चुका शोधण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही." मीही फुगले. गेली नऊ वर्षं डावीकडे उत्तरसूची, उजवीकडे उत्तरपत्रिका आणि हातात लाल पेन. सूचीशी जुळलं तर बरोबर, नाही जुळलं तर फुली.

त्या मंगळवारी एक तपासून धाडलेला नववा पाठ परत आला. ही कुठली तऱ्हा, म्हणून माझं डोकं आधीच तापलं. पाठवणारी शिवणकाम करणारी एक बाई. आधीच्या आठही पाठांत तिला पैकीच्या पैकी गुण. चौथ्या प्रश्नावरच्या माझ्या फुलीभोवती तिने पेन्सिलने इतक्या जोरात गोल काढला होता की कागद फाटला होता. मागे लिहिलं होतं:

"सात महिने मी अंथरुणाला खिळलेय. नणंद रोज सांगते, हे तुझ्या पापाचं फळ. मी म्हणायचे, शास्त्रात तसं नाही. मग तुमची फुली आली, आणि तिने ती माझ्यापुढे नाचवली. म्हणजे देवही तिच्याच बाजूचा. उरलेले पाठ पाठवू नका. माझा आणि देवाचा संबंध संपला."

"आगाऊ कुठली!" मी मोठ्याने म्हणाले. प्रश्न साधा होता. एका भल्या माणसाची मुलंबाळं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड आले. मित्र समजूत घालायला आले आणि म्हणाले, तूच काहीतरी पाप केलं असशील. तो भडकला, थेट देवालाच जाब विचारायला लागला. तर देवाविषयी योग्य कोण बोललं? हिचं उत्तर, तो भडकलेला माणूस. सूचीतलं उत्तर, मित्र.

हिला चार खडे बोल सुनवायचे, तेही वचन दाखवून, म्हणून मी शास्त्र उघडलं. त्या माणसाच्या गोष्टीचा शेवटचा अध्याय काढला आणि बघते तर काय! देव संतापला होता तो मित्रांवर! तुम्ही चुकीचं बोललात, योग्य बोलला तो हाच, असं त्याने त्यांना तोंडावर सुनावलं होतं.

नऊ वर्षं! नऊ वर्षांत मी हा अध्याय एकदाही उघडला नव्हता. कशाला उघडू, सूची होती ना! ज्यांनी वाचून लिहिलं त्यांना फुल्या, आणि ज्यांनी अंदाजपंचे ठोकलं त्यांना गुण. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

सूची घेऊन मी तरातरा पाळकांच्या खोलीत गेले.

"छपाईत चुकलं असेल," ते म्हणाले. "पुढच्या आवृत्तीत बघू. एका गुणाने काय आभाळ कोसळतंय, ताई?"

"तिचं कोसळलंय."

"मग तिला धीराचं पत्र टाका. फक्त चूक आपली होती असं लिहू नका. लोकांचा पाठांवरचा विश्वास उडेल."

"उडू दे की! देवावरचा उडाला तो चालतो तुम्हाला?"

तपासणाऱ्याने विद्यार्थ्याच्या घरी जायचं नाही, हा नियम त्यांनी मला दारापर्यंत ऐकवला. मी चपला घातल्या आणि बस पकडली.

दार नणंदेने उघडलं. मी कोण ते कळताच तिचा चेहरा खुलला. "या, या! आता तुम्हीच हिला दोन शब्द सांगा." मला तिचा असा राग आला! पण बोलणार कुठल्या तोंडाने? तिच्या हातात कोलीत मीच दिलं होतं.

आत शिलाई मशिनवर चादर टाकलेली. पलंगावर ती बाई, नुसती हाडं उरलेली. मी बसलेसुद्धा नाही.

"तुमचं उत्तर बरोबर होतं. मी न वाचता फुली मारली," असं नणंदेलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले आणि देवाचं ते बोलणं वाचून दाखवलं. स्वयंपाकघरात भांडी आदळली.

बाई रडली नाही, हसली नाही. "हे वाचायला किती वेळ लागला तुम्हाला?"

"दोन मिनिटं."

"दोन मिनिटं," ती म्हणाली. "मी अठरा दिवस त्याच्याशी बोलले नाही."

मी मान खाली घातली. "शिव्या द्या मला."

"देईन, अंगात जोर आला की. पुढचं वाचा. ते का गाळलंत?"

गाळलं होतं खरं. लाज वाटली म्हणून. पुढे देव त्या मित्रांना सांगतो की आता त्या भडकलेल्या माणसाकडेच जा, तो तुमच्यासाठी प्रार्थना करील, तरच तुमची सुटका. मी ते वाचलं. अक्षरं नीट दिसत नव्हती.

"माझ्यासाठी कराल?" मी विचारलं.

मग तिने डोळे मिटले. दात तसेच आवळलेले होते.

"देवा, हिला माफ कर. मला जमेल तेव्हा मीही करीन."