कठड्यावरचा खडू

मित्रांनो, मी एक जुना सागवानी कठडा आहे, गिरगावातल्या एका तीन मजली चाळीच्या जिन्याचा. आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव संशयी आहे. रोज शेकडो हात अंगावरून फिरू लागले की कुणीही असाच होईल. माणसं तोंडाने काहीही सांगतात. हात कसा पडतो त्यावरून मला खरं काय ते कळतं.

माझं लाकूड ब्रह्मदेशातून बोटीने आलं म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की वखारवाल्याच्या बोलण्यावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता. सुतार मात्र कसबी होता. त्याने मन लावून रंधा मारला आणि शेवटचा हात फिरवून मालकाला म्हणाला, "शेट, एक वेळ जिना पडेल, हा पडायचा नाही." तेवढ्या शाबासकीवर मी पन्नास वर्षं काढली. पुढे माझ्यावर गोधड्या वाळल्या, पोरं घसरली, नवऱ्या मुली मला धरून सासरी गेल्या. पुसायला मात्र कुणी येईना. दिवाळीला एकदा फडका फिरायचा, तोही जिन्याचा झाला तर माझा. याचा मला फार राग होता.

माझ्या संशयाला एक कारण घडलं. तिसऱ्या मजल्यावर शिवा नावाचा गिरणी कामगार राहायचा. चांगला धडधाकट गडी. महिनाभर त्याचा हात माझ्यावर जड पडत होता. एका दुपारी तो दुसऱ्या मजल्याच्या वळणाच्या चार पायऱ्या खाली, जिन्यातच बसला. छातीत भरून आलंय म्हणाला. कुणी सोड्याची बाटली आणली, कुणी ओवा दिला. "गॅस झालाय, आत्ता सुटेल," असं सगळे म्हणत राहिले. माझ्यावर डोकं टेकून बसलेला शिवा पुन्हा उठला नाही. मला आधी कळलं होतं हो! पण मला तोंड कुठे आहे? त्या दिवसापासून जड पडणारा प्रत्येक हात मी तपासून घेतो.

आता गुरुदत्तरावांचं सांगतो. हे विमा कंपनीत कारकून. तिसऱ्या मजल्यावर बायको कालिंदीबाईंबरोबर राहायचे. अक्षर मोत्यासारखं. त्यामुळे छप्पन साली संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तेव्हा चाळीचा फळा त्यांच्याकडे आला. हा फळा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर टांगलेला. कचेरीतून येताना ते त्यावर लिहायचे, 'उद्या सहा वाजता नरे पार्कवर जाहीर सभा. सर्वांनी यावे.' तेव्हा ते मला हातही लावत नसत. धोतराचा सोगा धरून तरातरा वर जायचे.

अठ्ठावन्नच्या सुमारास त्यांचा हात माझ्यावर पडू लागला. आधी नुसता टेकायचा, मग धरायचा, मग घट्ट आवळायचा. फळ्याच्या चार पायऱ्या खालीच ते थांबायचे, खिशातून खडू काढायचे, उजव्या हातात खडू आणि त्याच हाताने मला धरून उभे राहायचे. बघणाऱ्याला वाटावं, मजकूर जुळवतायत! मग वर जाऊन फळा पुसायचे आणि पुसलेलंच पुन्हा लिहायचे. मला तेव्हाच शंका आली.

त्यांची डावी दाढ दुखायची. ती त्यांनी उपटून आणली. मी म्हटलं, चला, आता हात हलका होईल. कसला होतोय! दाढ गेली आणि दुखणं राहिलं, तेही नेमकं जिना चढताना. कालिंदीबाई म्हणाल्या, "अहो, गॅसच्या गोळ्या किती दिवस खाणार? एकदा डॉक्टरांना नीट दाखवा की." तर हे म्हणाले, "आधी मुंबईचा काय तो निकाल लागू दे. महाराष्ट्र झाला की पहिलं काम ते." त्या वर्षांत चाळीत सगळं असंच चाललं होतं. कुणाचं लग्न महाराष्ट्र झाल्यावर, कुणाच्या भिंतीचा रंग महाराष्ट्र झाल्यावर. पण छातीने कधी असा वायदा मान्य केलाय का?

मित्रांनो, साठ सालचा एक मे उजाडला आणि महाराष्ट्र झाला! जिन्यावर तोरणं, माझ्या अंगाला झेंडूच्या माळा, हातोहात पेढे. गुरुदत्तरावांनी फळ्यावर रंगीत खडूने एवढंच लिहिलं, 'झाला!' सगळे रडले, मलाही भरून आलं. चार दिवसांनी फळा पुसला गेला. आता लिहायला काही उरलं नव्हतं.

तरीही ते थांबत होते! हातात खडू, पुढे कोरा फळा. वळणाजवळच्या खोलीत राधाबाई राहायच्या, मालवणकडच्या. एक दिवस त्या दारात बसून तांदूळ निवडत होत्या. त्या फटकन म्हणाल्या, "गुरुदत्तानू, म्हाराष्ट्र झालो मां? मगे आता कित्याक थांबतास?"

"सहज हो, राधाबाई."

"सहज? माका येडी समजतास काय?" राधाबाईंनी सूप खाली ठेवलं आणि तिथूनच वर हाक मारली, "कालिंदीबाय, जरा खाली येवा!"

दुसऱ्याच दिवशी कालिंदीबाई त्यांना गल्लीतल्या हेरंब डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर चिडले म्हणे. "दोन वर्षं मला गॅस म्हणून सांगता आणि मी सोड्याच्या गोळ्या देतो! हे माझ्या आवाक्यातलं नाही. हृदयाच्या डॉक्टरला दाखवा." चिठ्ठी लिहून देतो म्हणाले, पण गुरुदत्तराव तेवढंही थांबले नाहीत. कचेरीतल्या साहेबांनी एक मोठं नाव सुचवलं होतं, तेच त्यांनी धरलं.

ते मोठं नाव लांबलचक गाडीतून आलं. अर्धी चाळ गाडी बघायला खाली. डॉक्टर दोन दोन पायऱ्या ओलांडत वर गेले, मागे हृदयाचा आलेख काढायच्या यंत्राची पेटी घेतलेला माणूस. माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दहा मिनिटांत परत. जिन्यातच सांगून गेले, "आलेखाची पट्टी अगदी स्वच्छ आहे. मनाचे खेळ. महाबळेश्वरला जाऊन या." गुरुदत्तराव खूश झाले. "बघ, मी म्हणत नव्हतो?"

कालिंदीबाई म्हणाल्या, "त्यांनी तुम्हाला एक प्रश्न तरी विचारला का हो?"

मला हेच म्हणायचं होतं. पंखा बंद असताना बघितला तर तो बिघडलाय हे कळणार कसं? गादीवर निजलेल्या माणसाची पट्टी घेतली, जिना चढणाऱ्याची कुणी घेतली?

आठवडाही गेला नाही. संध्याकाळी वर येताना गुरुदत्तराव फळ्याच्या चार पायऱ्या खाली थांबले, मला आवळलं आणि मटकन खाली बसले. एक हात जबड्यावर, एक माझ्यावर. कपाळावर घाम. डोकं माझ्यावर टेकलं. मित्रांनो, मी लाकडाचा आहे, पण त्या क्षणी मी चळाचळा कापलो. तीच पायरी, तसंच डोकं! मी मनात ओरडत होतो, उठा हो, उठा! पाच मिनिटांनी श्वास जागेवर आला आणि ते हळूच उठले. राधाबाईंनी धरून वर नेलं. कालिंदीबाईंनी बजावलं, आता जिना उतरायचा नाही.

हेरंब डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः एकाला घेऊन आले. परळच्या इस्पितळातले डॉ. माणगावकर. किडकिडीत, हातात ठिगळाची छत्री. खाली हेरंब डॉक्टर कालिंदीबाईंना म्हणत होते, "गाडी बघून डॉक्टर निवडू नये, वहिनी. हे हृदयाचंच काम वीस वर्षं करतायत आणि पेशंटच्या शब्दावर चटकन विश्वास ठेवत नाहीत."

माझा काही विश्वास बसेना. हा माणूस एकेक पायरी थांबत चढत होता. मी म्हटलं, घ्या! याला स्वतःला जिना चढवत नाही आणि हा दुसऱ्याचं हृदय बघणार! फळ्याच्या चार पायऱ्या खाली तर तो चक्क वाकला आणि डोळे बारीक करून माझ्याकडे बघू लागला. पन्नास वर्षांत माझ्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. मग त्याने बोट फिरवून बोटाला काय लागलं ते पाहिलं, आणि वर गेला.

दार उघडं होतं. मला सगळं ऐकू येत होतं.

"चढताना थांबावं लागतं?" माणगावकरांनी विचारलं.

"छे! काल ऊन लागलं, एवढंच," गुरुदत्तराव म्हणाले. "फळ्यापाशी थांबतो तो लिहायला."

"फळा कोरा आहे. आणि खडू फळ्यापाशी नाही, चार पायऱ्या अलीकडे कठड्यावर आहे. पाच बोटांचे ठसे, एकावर एक बसलेले. गुरुदत्तराव, तिथे कशाला धरता हो इतकं घट्ट?"

मग गुरुदत्तरावांचा आवाज आला, अगदी लहान मुलासारखा. "छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. डाव्या दंडातून जबड्यात कळ जाते. थांबलं की बंद होते. माझे वडील याच वयात गेले, डॉक्टर. म्हणून कुणाला विचारायची हिंमत झाली नाही."

"आणि दाढ काढलीत!" माणगावकर म्हणाले. "अहो, दाढेला जिना कळत नाही, गॅसलाही कळत नाही. चढताना दुखतं आणि थांबल्यावर बंद होतं, ते हृदयाचं समजायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. पट्टी स्वच्छ आली तरी. बसल्या बसल्या दुखलं, घाम फुटला, तर एक मिनिटही थांबायचं नाही, थेट इस्पितळ."

कालिंदीबाई रडत होत्या. मी मात्र आनंदाने फुललो होतो. माझ्याइतका संशयी माणूस या मुंबईत आहे तर! आणि दिवाळीपासून मला कुणी पुसलं नव्हतं, याचं आयुष्यात पहिल्यांदाच बरं वाटलं. कुणी स्वच्छ फडका फिरवला असता तर?

इस्पितळात तपासण्या झाल्या. जिभेखाली ठेवायची गोळी मिळाली, सिगारेट सुटली, आणि तिसऱ्या मजल्याची खोली तळमजल्यावरच्या एका तरुण जोडप्याशी बदलून घेतली. सामान खाली गेलं त्या दिवशी गुरुदत्तराव पहिल्या पायरीशी आले, मला दोनदा थोपटलं आणि आपल्या नव्या खोलीत गेले. त्याला आता दोन वर्षं झाली. त्यांचा हात पुन्हा माझ्यावर पडलेला नाही. मला त्यांची आठवण येते, पण हात न येण्याचा असा आनंदही मला ठाऊक नव्हता.

आता ते संध्याकाळी जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतात. कुणी पिकल्या केसांचं वर निघालं की विचारतात, "मधे थांबावं लागतं का हो?" लोक वैतागतात. ते पुन्हा विचारतात.

मित्रांनो, माझे दोन खिळे ढिले झालेत, ते कुणी ठोकलेत तर बरं होईल. पण घाई नाही. त्याआधी एक करा. तुमचे बाबा, आजोबा, शेजारचे काका जिन्यात थांबले, चपलेचा अंगठा बघू लागले, पिशवी या हातातून त्या हातात घेऊ लागले, तर विचारा, का थांबलात? सहज म्हणाले तर पुन्हा विचारा. रागावले तर रागावू देत. शिवा महिनाभर मला धरून चढत होता, आणि मला एवढंच विचारता आलं नाही.