डोंगर होता तसा

नागपूरच्या माणसानं बर्फाच्या भानगडीत पडू नये, असं सुरभीचं पहिल्यापासूनचं मत. तिचं चुकलं असं म्हणायची सोय सुगतनं शेवटी कुणालाच ठेवली नाही.

मे महिन्यात जिथे रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, तिथे वाढलेला हा माणूस. वेलिंग्टनमधल्या जुन्या इमारती भूकंपात टिकाव्यात म्हणून त्यांना पोलादाचे टेकू देण्याची नोकरी, अप्पर हट नावाच्या उपनगरात घर, रोज सकाळची ट्रेन, रविवारी चार मराठी कुटुंबं मिळून बुद्धवंदना. सगळं कसं रुळावर होतं. पण चाळिशीला टेकता टेकता ऑफिसातल्या कुणीतरी त्याला एका स्की क्लबच्या श्रमदानाला नेलं, आणि गडी तिथे जो रमला तो कायमचाच. सुरभी म्हणायची, लोकांच्या नवऱ्यांना दारूचं व्यसन लागतं, माझ्या नवऱ्याला फावड्याचं लागलं.

क्लब म्हणजे काही मोठं प्रस्थ नव्हतं. ताइहापे गाव मागे टाकून आणखी बरंच वर गेलं, की डोंगराच्या सावलीच्या अंगाला एक पत्र्याची झोपडी, जिला सगळे हट म्हणत, एक उतार आणि त्या उतारावरून वर जाणारी एक लांबलचक दोरी. जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन ती दोरी गरागरा फिरवायचं. कमरेला पट्टा, पट्ट्याला लोखंडी चिमटा, तो धावत्या दोरीवर आवळला की दोरी माणसाला स्कीसकट वर ओढून नेणार. या चिमट्याला इथले लोक नटक्रॅकर म्हणत. सुगत त्याला अडकित्ता म्हणायचा, आणि पाचसहा वर्षांत क्लबातले निम्मे गोरेही वाकड्या जिभेनं अडकित्ता म्हणायला लागले होते. तेवढीच आपली भर.

ज्यांनी खांब पाठीवर वाहून हा क्लब उभारला, ती माणसं जगाला फार ओझं नको या विचाराची होती. त्यांनी तीन गोष्टी घालून दिल्या होत्या. हंगाम सुरू होताना दोरीवर पहिली वर जाईल ती क्लबातली सगळ्यांत वयस्क व्यक्ती. हंगाम संपला की सगळ्यांनी उतार पिंजून कचरा वेचायचा, चहाची भिजली पिशवीसुद्धा खिशातून खाली न्यायची, आणि मग त्याच वयस्क व्यक्तीनं हटच्या दारात उभं राहून म्हणायचं, "डोंगर होता तसा आहे." ते ऐकल्याशिवाय कुणी खाली उतरायचं नाही. आणि तिसरी गोष्ट अशी, की लागोपाठ तीन हिवाळे दोरीनं एकाही माणसाला बर्फावरून वर नेलं नाही, तर डोंगराला आपण नकोसे झालो असं समजून सगळं उतरवायचं आणि निघून जायचं. ही तिसरी गोष्ट लिहिताना ती मंडळी बहुतेक हसली असणार. त्या काळी हिवाळ्यात हटचं दार उघडायला बर्फात बोगदा खणावा लागे.

यंदाचा हिवाळा तिसरा होता.

पहिली दोन वर्षं जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, बर्फाऐवजी पाऊस पडला. यंदा तर कहरच. शाळांच्या सुटीत लोक जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून वर आले, हटबाहेर ऊन खात सॉसेज भाजून गेले आणि छान ट्रिप झाली म्हणाले. डोंगराच्या पलीकडच्या मोठ्या स्की फील्डवर बर्फ पाडायची यंत्रं होती, पण यंत्राला तरी थंडी लागतेच ना. त्यांनी कसाबसा लहान मुलांच्या घसरगुंडीएवढा एक पांढरा पट्टा राखला होता, आजूबाजूला सगळा काळा दगड. तो बघून सुगतला कसंनुसंच झालं. दर रविवारी सगळं अनित्य आहे असं तोंडानं म्हणणारा हा माणूस, पण ते त्यानं स्वतःच्या डोंगराला कधी लावून पाहिलं नव्हतं. आपण तरी कुठे लावतो.

त्याला क्लब हवा होता तो नोएलीनसाठी. वयानं क्लबात सगळ्यांत मोठी होती ती, ऐंशी ओलांडलेली, खांब वाहून आणणाऱ्यांपैकी एकाची मुलगी. सुगतला स्की तिनं शिकवलं. पहिल्या दिवशी तो इतक्या वेळा आपटला, की ती म्हणाली, पडणं तर तुला उत्तम येतं, आता उठणं शिकवते. आणि नागपुरात त्याचे वडील, यादवराव, अचानक गेले तेव्हा तो याच हटमध्ये होता. कुठलंही विमान पकडलं तरी तो वेळेवर पोचणार नव्हता. नोएलीन दुपारभर त्याच्या शेजारी शेकोटीपाशी नुसती बसून राहिली. मग तिनं त्याच्या कमरेला पट्टा बांधला आणि त्याला दोरीवर वर नेलं. उतरताना मध्येच त्याला रडू फुटलं, आणि ती चार हात मागे थांबून राहिली. तेव्हापासून ती त्याची कोण, हे त्यानं कुणाला समजावून सांगितलं नाही, पण सुरभीला ते ठाऊक होतं. गेले दोन हिवाळे नोएलीन स्कीना मेण लावून बसली होती. तिला दोरीवर एकदा वर न्यायचं, म्हणजे क्लबही वाचेल, एवढं एकच सुगतच्या डोक्यात होतं.

सप्टेंबर सरत आला आणि अखेर एकदाचा बर्फ पडला. फार नाही, पण पडला. शुक्रवारी सगळ्यांचे फोन खणखणले आणि शनिवारी सकाळी झाडून सगळे वर हजर. दोरीच्या वाटेवर तळापासून माथ्यापर्यंत पांढरं होतं, फक्त मधला एक उंचवटा सोडून. तिथे वारा बर्फ टिकूच देत नसे. दोरी त्याच उंचवट्यावरून जायची.

क्लबाकडे यावर एक जुना उपाय होता. लोकर भरायची मोठी पोती घ्यायची, सावलीतल्या घळीतून बर्फ भरायचा आणि पाठीवरून आणून उघड्या जागेवर पसरून तुडवायचा. सुगतनं वेलिंग्टनहून दोन मराठी मित्रही पकडून आणले होते. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहिला आणि पाहिला तो हमालासारखा पाठीवर घेऊन. दिवस मावळायच्या आत उंचवटा पांढरा झाला. पण तो बर्फ ओला होता, शिळ्या भातासारखा गचगचीत. पाय ठेवला की बूट खाली दगडाला लागायचा. हवामानाच्या अंदाजात मात्र आकाश निरभ्र आणि पहाटे कडक गारठा होता. गोठला की उद्या सकाळी दोरी सुरू, असं ठरलं. नोएलीननं सूप ढवळता ढवळता अंदाज ऐकला आणि म्हणाली, तीन वर्षांत याचं एक तरी भाकीत खरं ठरू दे.

आता सुगतचं डोकं. त्याच्या गाडीच्या डिकीत खड्या मिठाच्या पिशव्या होत्या. शुक्रवारी इंडियन ग्रोसरीतून आणून तो त्या गाडीत टाकत होता, तेव्हाच सुरभीनं विचारलं होतं, "डोंगरावर लोणचं घालणार आहेस का?"

त्यानं तिला पॉट आइस्क्रीम आठवायला सांगितलं. नागपूरला आंबेडकर जयंतीला यादवराव दरवर्षी आइस्क्रीमचा सांचा काढायचे. बर्फाच्या कारखान्यातून गोणपाटात गुंडाळलेली लादी यायची, ती फोडून सांच्यात भरायची, वर मूठ मूठ खडे मीठ. यादवराव म्हणायचे, मीठ पडलं की बर्फाला खरी थंडी चढते. एप्रिलच्या त्या भट्टीत दूध दगडासारखं गोठायचं. शिवाय स्कीच्या शर्यतीत ओल्या बर्फावर मीठ टाकून तो टणक करतात, हेही सुगतनं कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. म्हणजे वडिलांचाही पाठिंबा आणि शास्त्राचाही.

सुरभी फार्मसिस्ट. ती म्हणाली, "अरे, गोठतं ते आतल्या डब्यातलं दूध. बाहेरच्या बर्फाचं पाणी होतं, आपण ते मोरीत ओतायचो. आधी नोएलीनला विचार. प्रॉमिस कर."

त्यानं मान हलवली. मान हलवणं म्हणजे प्रॉमिस नव्हे, अशी पळवाट त्यानं तेव्हाच मनात काढून ठेवली होती.

शनिवारी संध्याकाळी सगळे आत सूप पीत होते तेव्हा तो पिशव्या घेऊन एकटा वर गेला. नोएलीन दारातच उभी होती. कुठे निघालास, असंही तिनं विचारलं. दोरी बघून येतो, म्हणाला. एका वाक्याचं काम होतं, विचारून मोकळं व्हायचं. पण ती नाही म्हणेल हे त्याला पक्कं माहीत होतं. जी बाई चहाची पिशवी डोंगरावर राहू देत नाही, ती मीठ ओतू देईल? बियाणं फेकावं तसं मूठ मूठ मीठ त्यानं उंचवट्यावर फेकलं. वरच्या टोकाला मीठ संपलं, थोडा भाग तसाच राहिला. वडिलांची फार आठवण येत होती, आणि आपण काहीतरी चांगलं करतोय असंच त्याला मनापासून वाटत होतं.

गारठा आलाच नाही. रात्रीतून ढग भरून आले, वायव्येचा उबदार वारा सुटला, आणि सकाळी सगळे बाहेर आले तेव्हा जॅकेटच्या चेनी उघडाव्या लागल्या. तरी तळाचा बर्फ होता. माथ्याचाही होता. नोएलीन केव्हाच स्की बांधून दोरीपाशी उभी होती, कमरेला पट्टा, हातात अडकित्ता. ट्रॅक्टर धडधडत होता. सुगत उंचवट्याकडे चालत गेला.

तिथे चिखल होता. काळे दगड, खाली दबलेलं ओलं शेवाळ, आणि मधून वाहणारं गढूळ पाणी. आणि अगदी वरच्या टोकाला, जिथे मीठ पुरलं नव्हतं, तिथे काल पाठीवरून आणलेला बर्फ होता. मऊ झालेला, पण घोटाभर जाडीचा, एका म्हाताऱ्या बाईला वर न्यायला पुरेल एवढा. नसतं टाकलं मीठ तर सगळीकडे एवढाच राहिला असता. सुगतला स्वतःची इतकी चीड आली की हातातलं फावडं त्यानं दगडावर आपटलं.

बाकीचे धावत आले. सगळा या मेल्या वाऱ्याचा घोळ, असं म्हणाले. तो वेड्यासारखा पोती घेऊन घळीकडे धावला, सगळे त्याच्यामागे धावले, दोन फेऱ्या झाल्या आणि पाऊस सुरू झाला. कुणीतरी ट्रॅक्टर बंद केला. एकजण म्हणाला, उंचवटा पायी ओलांडू आणि दोरीनंच वर नेलं असं धरून चालू, कोण बघतंय. नोएलीन स्की सोडत होती. ज्यांनी नियम केला ते बघतायत, एवढंच ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात सप्टेंबर संपला, त्याबरोबर हंगाम संपला आणि क्लबही.

पुढचे तीन महिने सगळं उतरवण्यात गेले. चाकं, खांब, इंजिन, हटचे पत्रे. एकही शनिवार सुगतनं चुकवला नाही. सगळ्यांत जड ओझं तो उचलायचा, आणि लोक म्हणायचे, केवढा जीव आहे याचा डोंगरावर. हे ऐकलं की तो ओझं घेऊन तिथून निघून जायचा. सुरभीला त्यानं सगळं सांगितलं होतं. मी म्हटलंच होतं, असं तिनं एकदाही म्हटलं नाही, आणि त्यामुळे त्याला जास्तच मेल्यासारखं व्हायचं.

डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी हेलिकॉप्टर शेवटचं ओझं घेऊन गेलं. खांबांचे खड्डे बुजवून झाले होते. सुरभी भाकरी आणि ठेचा घेऊन वर आली होती. प्रथेप्रमाणे सगळे उतार पिंजायला पांगले, आणि नोएलीन सुगतचा हात धरून दोरीच्या वाटेनं वर चढू लागली. आता दोरी नव्हती. दोन्ही बाजूंना टसॉकचं सोनेरी गवत, दगडांवर हिरवं शेवाळ, मध्ये मध्ये पांढरी रानफुलं. उंचवट्यापाशी ती थांबली. तिथे सगळं तपकिरी होतं. गवताचे झुपके मुळासकट वाळलेले, शेवाळ पापुद्र्यासारखं सुटलेलं. आणि त्याची कड अगदी रेघ ओढल्यासारखी, जिथे मीठ संपलं होतं तिथे.

तिनं वाकून एक झुपका ओढला. तो अलगद हातात आला. इथे काय झालं, तिनं विचारलं.

आता सुगतनं काही लपवलं नाही. सांचा, वडील, मीठ, संध्याकाळ, सगळं सांगितलं. वरच्या टोकाला राहिलेला बर्फही सांगितला. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मला विचारायचं होतंस," ती म्हणाली.

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो. नाहीच म्हटलं असतं."

"म्हणून नाही विचारलं."

तिनं झुपका होता तिथे परत ठेवला आणि हातानं दाबला, जणू तो पुन्हा धरणार होता. मग म्हणाली, "बर्फ गेला त्यात तुझा दोष फार नाही, सुगत. तो जाणारच होता. पण हे शेवाळ बोटभर वाढायला एक आख्खं आयुष्य घेतं." उतरताना तिनं त्याचा हात धरला नाही.

हटच्या जागी आता नुसती सपाट माती होती. सगळे गोल करून उभे राहिले, थर्मासमधला चहा संपला, भिजल्या पिशव्या खिशात गेल्या. मग सगळे नोएलीनकडे बघू लागले. वाक्य तिनं म्हणायचं होतं. आता दार नव्हतं, तरी ती दार होतं तिथेच जाऊन उभी राहिली. एकदा वर उंचवट्याकडे बघितलं. तोंड उघडलं आणि मिटलं. मग खाली वाकून आपली पाठपिशवी उचलली, खांद्यावर नीट बसवली आणि काही न बोलता पायवाटेनं उतरू लागली.

बिचारीला गहिवरून आलं असं लोकांना वाटलं. कुणीतरी हळूच डोळे पुसले आणि एकेक जण तिच्यामागून निघाला. सुरभीनं सुगतकडे पाहिलं आणि तिला कळायचं ते कळलं. तिनं भाकरीचा रिकामा डबा उचलला आणि त्याच्यासाठी थांबली. सुगतला ते वाक्य पाठ होतं. इतकी वर्षं ऐकलं होतं, मनातल्या मनात मराठीतही म्हणून पाहिलं होतं. पण ते म्हणायला आता त्या डोंगरावर कुणाचीच जीभ वळणार नव्हती, आणि ते कशामुळे, हे तिघांनाच ठाऊक होतं. बाकी सगळे बरेच खाली गेल्यावर तोही उतरायला लागला.