खसखशीचा अनारसा

'खसखस लय महाग झाली, यंदा तीळ लाव,' असं शेजारची कमला मागच्या दिवाळीत म्हणाली होती. मी तिलेच झापलं. "तिळाचा तो तुमच्या इकडचा अइरसा, बाई. अनारसा खसखशीचाच!" काहून नाही ऐकलं मी तिचं? वर्ष झालं, तरी कढई पाहिली का हेच डोक्यात येते.

आमचे हे, दिवाकर, उरला भागातल्या रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवत. लालभडक लोखंड माणसांच्या डोक्यावरून नेणारा माणूस. बिडी नाही, तंबाखू नाही, होळीले भांगही नाही. अनारशाचं मात्र येड. कढईतला पहिला अनारसा यांचाच.

मिलचे मालक सेठजी, त्यांलेही माहे अनारसे ठाऊक. दर दिवाळीले बँकेच्या मोठ्या साहेबाकडे मेव्याच्या पेटीसोबत माहा डबा जाये. आवळा देऊन कोहळा काढायचा, दुसरं काय! "साहब मेवा बाँट देते हैं, भाभीजी, अनरसे घर ले जाते हैं," असं इंद्रजीत सांगे. हा मिलच्या ऑफिसात बँकेची कामं पाहतो. त्याचं ऐकून मी फुगून जाये. येडी बाई!

मागच्या साली दिवाळी सरली अन् बँकेनं अट घातली. कर्जाची मर्यादा वाढवून पायजे तर कारखाना सुरक्षित आहे असा कागद द्या, अन् क्रेनवाल्यांची नशेची तपासणीही करा. तपासणीच्या दिवशी हे सकाळी चहासोबत पाच-सहा अनारसे खाऊन गेले. तिथं लघवी तपासली, तर पट्टीवर अफू निघाली.

अफू! अन् आमच्या यांच्या अंगात!

तपासायले आलेल्या बाईनं सांगितलं, खसखस अफूच्याच बोंडातली, तिच्यानंही असं होते, मोठी तपासणी करा, आठवडाभर लागेल. सेठजी म्हणाले, "बैंक को कल कागज चाहिए." अन् लिहून दिलं, नशा करणाऱ्या ऑपरेटरले कामावरून काढलं.

मोठ्या तपासणीत हे सुटले. रिपोर्ट घेऊन मीच मिलमध्ये गेली. सेठजी नजर चोरत म्हणाले, "भाभी, दिवाकर को मैं जानता नहीं क्या? पर बैंक की फाइल में नाम चला गया. वापस रखूँगा तो सवाल उठेंगे."

अरे, तुह्या बँकवाल्यानं तेच अनारसे बोटं चाटत खाल्ले! त्याची पट्टी कोण पाहते? हे सगळं मनातच म्हटलं मी. एवढी तोंडाळ बाई, अन् ऐन वेळी गप बसून घरी आली. त्याचं दुःख अजून जात नाही.

आता हे भनपुरीले एका ट्रान्सपोर्टच्या गेटवर बसतात. मोहल्ल्यातले पोट्टे मागून 'अफीमची' म्हणतात. हे ऐकलं नाही असं दाखवतात, अन् माहा जीव तुटते.

रविवारी इंद्रजीत दारात उभा. "भाभीजी, दिवाली आ गई. बैंकवाले साहब अनरसे पूछ रहे थे."

माहं टाळकंच सरकलं. "सांग त्याले, यात अफू असते! आधी पट्टी ओली कर म्हणा, मग खा!"

तेवढ्यात हे आतून आले.

"रागावू नको, वनमाला. देऊन टाक. साहेबाच्या तोंडून माहं नाव निघालं, तर सेठजी परत बोलावतील."

वर्षभर हे याच आशेवर बसून होते, अन् मले पत्ता नाही. पीठ घरासाठी भिजवून ठेवलंच होतं. इंद्रजीतले ओट्यावर बसवलं अन् कढई चढवली. खसखस लावली, चांगली मुठीनं लावली. पहिला अनारसा निथळून सवयीनं यांच्यापुढे धरला.

यांनी हात मागे घेतला.

"मी नाही खात. उद्याच बोलावलं, अन् तपासणी झाली तर?"

अन् डबा पुसायले बसले.