नदीपलीकडचा पाय

चासिबचा उजवा पाय अखेर नजफच्या पवित्र दफनभूमीत विसावला, आईने त्यावर गुलाबपाणी शिंपडलं आणि सगळं मार्गी लागलं. आता हे विसरा. असं काही झालंच नाही.

झालं ते असं. कमरेला दोर बांधून इराकातल्या बसरा शहराखालच्या खजुरांवर चढणं हा चासिबचा धंदा. समोर शत्त नदी, पलीकडे इराण. नदी अख्खी आपली की निम्मी, यावरून दोन सरकारांची जुंपली आणि चासिबच्या हातात कोयत्याऐवजी बंदूक आली.

"साहेब, त्यांचं निम्मं पाणी ओळखायचं कसं?" त्याने विचारलं. साहेबाने कानाखाली जाळ काढला. युद्धाच्या कारणांची चर्चा तिथेच संपली.

पलीकडचं शहर चासिबच्या फौजेने एकेक घर करत घेतलं. एका स्वयंपाकघरात चासिबने एकाला संगिनीने भोसकलं. तो भाताच्या पातेल्यात पालथा पडला. भात अजून गरम होता. पुढे इराणी उलटले आणि तेच शहर एकेक घर करत परत द्यावं लागलं. नदीकडे पळताना तोफगोळा फुटला. धूर विरला तेव्हा चासिब इथे होता आणि त्याचा पाय, बुटासकट, तिथे.

त्याच्या गावचा खय्यून पट्ट्याने मांडी आवळू लागला.

"पाय उचल!" चासिब किंचाळला. "आमचं अख्खं घराणं नजफला पुरलंय!"

"गाढवा, तुला उचलू की त्याला?"

"दोघांनाही!"

"मी काय उंट आहे? इथेच पुरतो तात्पुरता. जमीन आता आपलीच. युद्ध संपलं की सावकाश नेऊ."

मागे शहर हातचं जात होतं. खय्यूनने शेंडा उडालेल्या खजुराखाली खड्डा उकरला आणि अडला. "मक्केकडे बोटं की टाच?"

"बोटं! देवाला कोणी टाच दाखवतं का?"

खय्यूनने बोटं वळवली, माती लोटली, प्रार्थनेला तोंड उघडलं आणि गोळी त्याच तोंडातून आत शिरली. त्याला ओलांडून चासिब सरपटत नदीत पडला आणि प्रेतांच्या गर्दीतून तरंगत अलीकडे लागला.

युद्ध त्यानंतरही वर्षानुवर्षं चाललं. लाखो मेले. अखेर सीमा ठरली नदीच्या मधोमध. म्हणजे होती तिथेच.

"मेल्या," आई म्हणाली, "कयामतीला सगळं घराणं उठून चालू लागेल आणि तू काय लंगडी घालत येणार?"

"पाय येईल की गं पलीकडून."

"परवान्याशिवाय? सीमेवरच धरतील त्याला!"

मुद्दा बिनतोड होता. चासिबने अर्ज लिहिला:

'माननीय संयुक्त सीमा आयोगास सविनय विनंती, की अर्जदाराचा उजवा पाय, बुटासह, परत मिळावा. ते शक्य नसल्यास सीमा सदर खजुराच्या बुंध्यापर्यंत, केवळ पायापुरती, सरकवण्यात यावी. त्यासाठी पुन्हा युद्ध करू नये. अर्जदाराकडे आता एकच पाय शिल्लक आहे.'