शुक्रवारची सही

भाग्यलक्ष्मी निपाणीची, राहायला बेंगळुरूत, बनशंकरी भागातल्या पीजीत. बारावीनंतर ती तिथल्या आमच्या सल्लागार कंपनीत लागली. चार दिवस काम आणि शुक्रवारी कंपनीच्या खर्चाने पदवीचा अभ्यास, अशी योजना. मी तिचा मेंटॉर. शुक्रवार तिला मोकळा मिळाला असं दर महिन्याला फॉर्मवर लिहून सही करायची, एवढंच माझं काम. सही मी कधी चुकवली नाही. तिचे शुक्रवार मात्र माझी प्रेझेंटेशन्स बनवण्यात गेले, कारण क्लायंटला सगळं सोमवारीच हवं असतं आणि मला स्लाइड्स जमत नाहीत.

ती प्रोग्रामिंगमध्ये नापास झाली. पुन्हा नापास झाली तर नोकरी आणि पदवी दोन्ही जाणार. कॉलेजच्या बाईंनी आम्हा दोघांना व्हिडिओ कॉलवर घेऊन विचारलं, "अभ्यासाला शुक्रवार मिळत होता ना?"

मी घसा साफ केला. खरं बोलायला मला स्वल्प वेळ लागतो.

"मिळत होता, मॅडम," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "मीच कमी पडले."

बाईंनी मला विचारलं. मी मान डोलावली.

कॉल संपल्यावर मी म्हणालो, "असं का सांगितलंस गं?"

"फॉर्मवर तुमची सही होती की, सर. नाही म्हटलं असतं तर तुम्ही खोटे पडला असता."

तिच्या आवाजात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. तिनं लॅपटॉप उघडला.

"या शुक्रवारचं प्रेझेंटेशन निळ्यात करू की हिरव्यात?"

"निळ्यात," मी म्हणालो.