पूजेतला लॅपटॉप

भुवनेश्वरीला पुस्तकांचं वेड वगैरे काही नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शैक्षणिक तंत्रज्ञान आणि शालेय ग्रंथपालन असं भारदस्त नावाचं पदव्युत्तर शिक्षण तिनं घ्यायला घेतलं ते निव्वळ गळ्यासाठी. तंजावुरातल्या एका अनुदानित शाळेत ती सहावी-सातवीला सामाजिक शास्त्रं शिकवायची. वर्गात कोंबलेली पोरं, डोक्यावर खडखडणारा पंखा, खिडकीबाहेर बसगाड्यांचे भोंगे. या सगळ्यांच्या वर आवाज चढवता चढवता पंचेचाळिशीत तिचा आवाज फाटला. संध्याकाळी घरी आली की मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायची आणि पुढे खुणांवर भागवायची. डॉक्टर म्हणाले, बोलणं कमी करा. गवंड्याला विटेला हात लावू नका म्हणून सांगण्यातलाच हा प्रकार.

मग शाळेच्या ग्रंथपाल बाई निवृत्त व्हायला आल्या आणि भुवनेश्वरीच्या डोक्यात प्रकाश पडला. ग्रंथालयात कुणी ओरडत नाही. तिथं तर ओरडू नका असं भिंतीवरच लिहिलेलं असतं. शाळेचा कारभार पाहणाऱ्या करस्पाँडंटसाहेबांनी स्पष्ट सांगितलं, की पदवी असेल त्याला ग्रंथालयाची खोली. या खेपेला तुम्ही पास झालात तर तुम्हाला, नाही तर सौम्याला. सौम्या त्याच शाळेतली शिक्षिका, तिच्याहून बरीच लहान, तिचं हे शिक्षण आधीच झालेलं, आणि तिचा गळा ठणठणीत. पण साहेबांनी भुवनेश्वरीची नोकरीची वर्षं धरली, एवढाच काय तो तिच्या बाजूचा मुद्दा.

तेव्हापासून तिच्या शनिवार-रविवारांची वाट लागली. आठवडाभर शिकवून शिणलेल्या मास्तरीणबाया लॅपटॉपसमोर बसून ऑनलाइन तास ऐकायच्या. पुस्तकांची संगणकावर नोंद कशी करायची, मुलांना वाचायची गोडी कशी लावायची, पडद्यावरचा धडा कसा तयार करायचा. शिकवणारे गोडीबद्दल बोलत असत आणि ऐकणाऱ्या पेंगत असत. भुवनेश्वरी तर एकदा उघड्या डोळ्यांनी झोपली आणि प्रश्न विचारल्यावर "उपस्थित" म्हणाली.

राजवाड्यामागच्या गल्लीतल्या तिच्या तंजावरी मराठी घरात या शिक्षणाला फारशी किंमत नव्हती. सासूबाई, शेषम्मा, पाचवी शिकलेल्या, पण विद्येच्या बाबतीत भारी कडक. त्यांचे यजमान बाळकृष्णराव हयातभर शाळामास्तर होते. पुस्तक मांडीवर घेऊन, पाठ ताठ ठेवून वाचतात त्याला विद्या म्हणायचं, हे त्यांनी नवऱ्याकडे बघून ठरवून टाकलेलं. सून कानांत बोंडं खुपसून यंत्राकडे बघत बसते, ते त्यांना सिनेमाच वाटायचं. तसं त्या बोलून दाखवत नसत. फक्त तास सुरू असला, की लॅपटॉपशेजारी वालाच्या शेंगांची परडी आणून ठेवत, हात मोकळेच आहेत म्हणून.

शेवटचा मोठा प्रकल्प तिनं नवरात्रात संपवला. आता पोर्टलवर चढवायचा, एक बटण दाबायचं, की सुटका. ते तिनं त्याच दिवशी दाबायला हवं होतं. पण मुदत विजयादशमीच्या संध्याकाळपर्यंत होती, आणि आपल्याकडे विजयादशमीला कुठल्याही विद्येला हात घातला तर ती फळते. मग एवढ्या हालअपेष्टांनी केलेलं काम आडवारी कशाला पाठवायचं? दसऱ्याला सकाळी न्हाऊन, दिवा लावून पाठवू, असं तिनं ठरवलं. पदवी तंत्रज्ञानाची, पण मुहूर्त पंचांगातला.

आदल्या दिवशी नवमीची सरस्वतीपूजा. नवरात्रात मांडायच्या कोलूच्या, म्हणजे बाहुल्यांच्या, पायऱ्यांशेजारी शेषम्मांनी पाट मांडला आणि घरातली पुस्तकं रचायला घेतली. या दिवशी पुस्तकं देवीच्या स्वाधीन. पूजा झाली की दुसऱ्या दिवशीच्या पुनःपूजेपर्यंत कुणी वाचायचं नाही, लिहायचं नाही, पाटावरचं काही हलवायचं नाही. हरिणीनं, भुवनेश्वरीच्या मुलीनं, बारावीचं फिजिक्स आनंदानं देवीच्या हवाली केलं. नवऱ्यानं, शिवकुमारनं, बँकेची कसलीशी नियमावली ठेवली आणि तो अंगणात स्कूटर धुवायला गेला. दरवर्षी भुवनेश्वरी सहावीचं पाठ्यपुस्तक ठेवायची. यंदाही तेच घेऊन आली, तर शेषम्मा म्हणाल्या, "हे पोरांचं. तूं शिकतेस तें कोठें आहे?"

भुवनेश्वरीला क्षणभर कळेना. मग ती म्हणाली, की पुस्तक असं काही नाही, सगळं लॅपटॉपमध्येच आहे.

"मग तें आण."

  तिनं लॅपटॉप स्वतः पुसला, पिशवीत पेनड्राइव्हसकट घातला आणि आणून दिला. शेषम्मांनी तो पिशवीतून काढला, झाकणावर चंदनाची बोटं ओढली, कुंकू लावलं, आणि पिशवी खाली, यंत्र वर असं सगळं ढिगात लावून वर रेशमी वस्त्र पांघरलं. आरती झाली, उकडलेल्या हरभऱ्यांचं सुंडल झालं, पोह्या-फुटाण्यांचा प्रसाद झाला. पुष्कळ दिवसांनी भुवनेश्वरीला हलकं वाटलं.

जेवणं आटोपतात तोच पापनाशमहून जयलक्ष्मीचा फोन आला. ही तिच्याच ऑनलाइन वर्गातली, तिकडच्या शाळेत गणित शिकवणारी. तिनं सहज विचारलं, की प्रकल्प चढवलास ना? उद्या, म्हणून भुवनेश्वरी म्हणाली.  तेव्हा जयलक्ष्मीनं सांगितलं, की उद्यापासून पोर्टल दुरुस्तीसाठी बंद आहे, मुदत आज पाचपर्यंत आणली आहे, तसा निरोप ग्रुपवर केव्हाच येऊन गेला. भुवनेश्वरीनं फोन बघितला. निरोप होता. त्याच्यावर नवरात्रीच्या शुभेच्छा, देवीची चित्रं आणि आजच्या साडीचा रंग यांचा डोंगर रचलेला होता. त्यातल्या चार शुभेच्छा तिच्या स्वतःच्याच होत्या.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. प्रकल्पाची एक प्रत लॅपटॉपमध्ये, दुसरी पेनड्राइव्हमध्ये, आणि दोन्ही देवीपुढे. एकच वस्तू दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावी, हा तर तिच्या अभ्यासक्रमातला पहिल्या महिन्यातला धडा होता. तो ऐकताना बहुधा ती शेंगा निवडत असावी.

शिवकुमारला सांगितलं तर तो आधी म्हणाला, की आता काय. मग थोडा विचार करून म्हणाला, "अम्मा पडल्या, की हळूच काढ. पाठवून परत ठेव. वस्त्र तसंच घाल वरून. कोणाला कळतें?" सल्ला काही वाईट नव्हता. गेली वीस वर्षं या घरातली बरीचशी शांतता अशाच सल्ल्यांवर टिकून होती.

दुपारी शेषम्मा पूजेच्या खोलीतच चटईवर आडव्या झाल्या. भुवनेश्वरी अनवाणी आत गेली. त्यांचा श्वास संथ चालला होता. तिनं वस्त्राचं टोक उचललं आणि तिचा हात तिथंच राहिला. तिनं ढिगाकडे नीट पाहिलं नव्हतं सकाळी. सगळ्यात वर दरवर्षी बाळकृष्णरावांचं जुनं, शिवण सुटलेलं व्याकरणाचं पुस्तक असायचं. ते गेल्यावरही ती जागा कुणाला मिळाली नव्हती. आज ते पुस्तक एक जागा खाली होतं आणि त्याच्यावर तिचा लॅपटॉप होता.

चोरी करायलाही अंगात त्राण लागतं. भुवनेश्वरीकडे ते उरलं नव्हतं. ती पाटापाशी फतकल मारून बसली आणि रडायला लागली. आवाज फाटलेला, त्यामुळे रडणंही धड येईना, नुसता खरखराट.

शेषम्मा उठून बसल्या. भुवनेश्वरीनं सगळं सांगून टाकलं. मुहूर्ताची हौस, न वाचलेला निरोप, पाचची मुदत, हळूच काढायचा बेत, काही लपवलं नाही. नवऱ्याचं नाव मात्र घेतलं नाही. शेषम्मांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, की नाही पाठवलं तर काय होईल.

"सौम्याला खोली मिळेल. मी वर्गांत ओरडत राहीन, अम्मा. आवाज आहे तोंवर."

शेषम्मांनी देवीपुढच्या दिव्याची वात सारली. त्यांना राग आला होता, ते दिसत होतं. कुणावर, ते त्यांनाही ठरवता येत नसावं.

"मी काढून देणार नाही," त्या अखेर म्हणाल्या. "नको म्हणून पण म्हणणार नाही. तुझ्या हातानं दिलेलं, तुझ्या हातानं घे. पण एकदां उठवलेलं मग परत बसवायचं नाही."

भुवनेश्वरीनं नमस्कार केला आणि लॅपटॉप उचलला. खोलीत नेऊन उघडला, प्रकल्प चढवला, बटण दाबलं. पडद्यावर हिरवी खूण आली. दोन वर्षं जिच्यासाठी झोप मोडली ती खूण बघून तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. डोकं तेवढं दुखायला लागलं. ती पुन्हा पूजेच्या खोलीत डोकावली, तेव्हा बाळकृष्णरावांचं पुस्तक आपल्या जुन्या जागी गेलेलं होतं आणि वस्त्र नीट पांघरलेलं होतं. शेषम्मा स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी चहा दिला, पण बोलल्या नाहीत. खोली मिळवली आणि जागा घालवली, असं तिला वाटलं, आणि हे वाटून घ्यायचासुद्धा तिला कंटाळा आला.

विजयादशमीला सकाळी पुनःपूजा झाली. आता एकेकानं आपलं पुस्तक उचलायचं आणि देवीपुढे दोन ओळी मोठ्यानं वाचायच्या. शिवकुमारनं कर्जवसुलीचा एक नियम वाचला. हरिणीनं फिजिक्सची एक व्याख्या गाडी चुकत असल्यासारखी घाईनं म्हटली. भुवनेश्वरीचं पाटावर काही नव्हतंच. ती दाराशी, प्रसादाच्या वाट्या घेऊन उभी राहिली, आपल्याला कामच आहे असं दाखवत.

"तुझं यंत्र आण," शेषम्मा म्हणाल्या.

तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण त्या चष्मा पुसत होत्या. तिनं लॅपटॉप आणून पाटासमोर उघडला. झाकणावरचं कुंकू तसंच होतं. प्रकल्प तमिळमध्ये होता, आणि शेषम्मांना वाचता येतं ते तमिळच.

"हिचं मी वाचतें," त्या घरादाराला उद्देशून म्हणाल्या. "हिचा गळा राहूं दे."

त्यांना मोठ्यानं वाचताना घरात कुणी ऐकलं नव्हतं. त्यांनी पाठ ताठ केली, पडद्यावर बोट ठेवलं, आणि अक्षराला अक्षर जोडत, स्तोत्र म्हणावं तशा वाचू लागल्या. आधी भुवनेश्वरीचं नाव. मग पहिलं वाक्य. माध्यमिक स्तरावरील शालेय ग्रंथालयांच्या सेवांचे एकात्मिक व परिणामकारक उपयोजन साधण्याच्या दृष्टीने, असं ते सुरू होत होतं आणि पुढे कुठेही पोचत नव्हतं. हे वाक्य भुवनेश्वरीनं एका रविवारी डोळे मिटत असताना कुठल्याशा अहवालातून उचलून, शब्द इकडचे तिकडे करून ठेवलं होतं. त्याला अर्थ नाही, हे तिला तेव्हाच माहीत होतं. कोण वाचणार आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं.

शेषम्मा एका लांबलचक शब्दाशी अडल्या, मागे गेल्या, पुन्हा पहिल्यापासून धरून तो त्यांनी पार केला. भुवनेश्वरीला पुढे होऊन सांगावंसं वाटलं, की अम्मा, ते सोडा, ते वाचण्यासारखं नाही. पण त्या थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. हातातल्या वाट्या सांभाळत ती ऐकत राहिली. हे आपण जरा नीट लिहायला हवं होतं, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.