बुद्धप्रियाबद्दल एक ओळ

लातूरच्या पालकांना मुलाच्या शेणाने भरलेल्या हातांचा फोटो हवा असतो, पण मूल घरी परत येताना हात मऊच हवे असतात. या दोन मागण्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत आमची शेतशाळा चालते. किल्लारीच्या अलीकडे, रस्त्यापासून दीड किलोमीटर आत, नऊ एकर. दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवसांचं निवासी शिबिर, बावीस मुलं, मोबाइल बंद, पहाटे साडेपाचला घंटा.

कल्पना अंबरीश सरांची. सर आधी लातुरात फिजिक्सचे क्लास घ्यायचे. वीस वर्षं पोरांना गुणांच्या घाण्याला जुंपल्यावर एके दिवशी त्यांना साक्षात्कार झाला की मुलांना मातीची गरज आहे. साक्षात्कार चांगलाच होता, फक्त तो सरांच्या पांढऱ्या कुर्त्यापर्यंत पोचला नाही. सर बांधावर उभे राहून मातीबद्दल बोलतात. चार वर्षांत त्या कुर्त्यावर मी एक डाग पाहिलेला नाही.

मी शिवकांता. मुलं मला ताई म्हणतात. माझे वडील शाळामास्तर, आमच्या घरातली एकमेव गाय कॅलेंडरवर होती. कृषीची पदवी मी पाठांतरावर मिळवली. तरीही या शेतावरची तज्ज्ञ म्हणजे मीच, कारण सर बांधावर असतात आणि सरजाबाई गोठ्यात. सरजाबाईंना कोणी तज्ज्ञ म्हणत नाही, त्यांना पगार देतात.

कामं आम्ही चिठ्ठ्या टाकून वाटतो. रोज सकाळी स्टीलच्या डब्यातून प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची: वाफे, कोंबड्या, स्वयंपाक, अवजारं, गोठा. गोठ्याची चिठ्ठी आली की मूल आईला आठवून रडतं. एकदा एका मुलीने ती चक्क गिळली होती.

सहाव्या दिवशी संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर प्रत्येक मुलाबद्दल एक ओळ टाकायची असते. बावीस ओळी लिहिताना माझी बुद्धी साधारण बाराव्या ओळीला संपते. अपूर्वाबद्दल लिहिलं, ‘निसर्गाशी संवाद साधते.’ म्हणजे आंब्याखाली झोपते. डॉक्टरांच्या आलोकबद्दल लिहिलं, ‘नेतृत्वगुण उपजत आहेत.’ म्हणजे स्वतः खुरपं हातात न धरता दुसऱ्यांना कामाला लावतो. मग बुद्धप्रिया सोनकांबळे. मुखेडची, सहावीत, वेणी घट्ट, बोलणं कमी. ही पोर मला रोज गोठ्यातच दिसायची. मी लिहिलं, ‘गोठ्याचं काम हिच्या रक्तातच आहे. शेणाची अजिबात किळस नाही. कौतुक!’ पुढे दोन फुलं लावली आणि पाटी घेऊन निघालेला तिचा फोटो टाकला.

त्या फोटोला एकतीस बदाम आले. मी खूश होऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास एक गृहस्थ कच्च्या रस्त्याने चालत आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, बुटांवर दीड किलोमीटरची धूळ. बुद्धप्रियाचे वडील, धम्मपाल सोनकांबळे. मुखेडच्या कॉलेजात ग्रंथपाल आहेत. पहाटेची बस, लातूरला दुसरी बस, मग किल्लारीची जीप, असं करत आले होते.

"शिवकांता मॅडम तुम्हीच?"

"हो. या ना सर, पाणी घ्या आधी."

"पाणी नंतर. हे तुम्ही लिहिलं?" त्यांनी मोबाइल पुढे धरला.

"कौतुकानं लिहिलंय हो."

"ते दिसलं. दोन फुलं पण आहेत." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, माझ्या आज्यानं गावची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. गावानं वर्षभर त्याला पाणी भरू दिलं नाही. माझ्या बापानं खडी फोडली, पण मालकाच्या गोठ्यात पाय ठेवला नाही. मी पुस्तकात बसलो. तीन पिढ्या घातल्या आम्ही त्यातून बाहेर यायला. आणि तुम्ही चारशे लोकांपुढं लिहिता, रक्तातच आहे."

ग्रुपवर चव्वेचाळीस लोक होते, पण ही दुरुस्ती सुचवण्याची वेळ नव्हती.

"तो डॉक्टरांचा मुलगा जन्मतःच पुढारी," ते म्हणाले, "आणि माझी पोरगी जन्मतःच शेणवाली. बॅग भरायला सांगा तिला."

माझे कान तापले. माझ्या मनात जातबीत काही नव्हतं, हे वाक्य लगेच तोंडात आलं. आमच्यासारख्यांच्या तोंडात ते तयारच असतं. मी ते गिळलं. लाज वाटत होती आणि त्या माणसाचा रागही येत होता, कारण त्याचं बरोबर होतं.

तेवढ्यात बांधावरून अंबरीश सर उतरले. सर आले की परिस्थिती बिघडायची थांबत नाही.

"सोनकांबळेजी," सर म्हणाले, "आपण शेणाकडे हीन म्हणून पाहतो, तिथेच गल्लत होते. शेण पवित्र आहे. शेण म्हणजे जमिनीचं..."

"मग उचला."

"म्हणजे?"

"तुम्ही शेवटचं कधी उचललं, सर?"

सरांनी लांब तुरीच्या दिशेने पाहिलं. तूर काही बोलली नाही.

"इथं सगळी कामं चिठ्ठीनं होतात," मी मध्ये पडले. "अगदी निष्पक्ष. कोणालाही काहीही येतं."

"सात दिवसांत तिला गोठा किती वेळा आला?"

मी मनात मोजलं. सातही दिवस. पाच कामं, बावीस मुलं आणि सातही दिवस गोठा एकाच मुलीला. चिठ्ठ्या टाकणारी मी, डबा धरणारी मी. गणितात इतकी कच्ची मी शाळेतही नव्हते. ती तिथे दिसायची आणि मला ते ठीक वाटायचं. अपूर्वा सात दिवस गोठ्यात दिसली असती, तर मी दुसऱ्याच दिवशी चौकशी केली असती.

"निष्पक्ष चिठ्ठीला माझीच पोरगी बरी आवडते," सोनकांबळे म्हणाले.

आलोक जवळच्या वाफ्यात उभा होता, अर्थातच रिकाम्या हाताने. घाबरून तो म्हणाला, "काका, मी आज माझी गोठ्याची चिठ्ठी तिला दिली. पण कालची अपूर्वाची होती."

सोनकांबळ्यांचा चेहरा दगडासारखा झाला. "दिली?" एवढंच म्हणून ते गोठ्याकडे निघाले. मागे मी, माझ्या मागे सर, आणि त्यांच्या मागे हातातली कामं टाकून निम्मं शिबिर.

गोठ्यात आमची देवणी गाय रेशमा अस्वस्थपणे पाय बदलत उभी होती. सरजाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. बुद्धप्रिया कोपऱ्यात वही घेऊन बसली होती. वडिलांना बघून ती उठली, पण पुढे आली नाही.

"ह्या पोरांनी त्यांच्या चिठ्ठ्या तुझ्या गळ्यात मारल्या?" त्यांनी विचारलं.

"मारल्या नाही, पप्पा. मी घेतल्या."

"घेतल्या म्हणजे?"

"एका चिठ्ठीला दोन शेंगदाण्याचे लाडू. आलोकनं तीन घेतले."

"तिला घाई होती," आलोक मागून म्हणाला.

सोनकांबळे हळू आवाजात म्हणाले, "लाडू देऊन शेण घेतलंस?"

"रेशमा व्यायला झालीय ना पप्पा. स्वयंपाकाची चिठ्ठी आली असती तर मला दिसलंच नसतं." तिने वही पुढे केली. तारीख, वेळ, कास किती भरली, चारा किती खाल्ला, किती वेळा उठली-बसली, सगळं लिहिलेलं. "मला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. मी तुम्हाला सांगितलंय."

"हो ना डॉक्टर. डॉक्टर झाल्यावर पाहिजे तेवढा हात घाल शेणात. डॉक्टरनं घातला तर कुणी रक्ताचं नाव काढत नाही." त्यांचा आवाज फाटला. "आत्ता घातला तर काढतात. काढलंच की काल. चल घरी."

"मी नाही येणार."

"बुद्धप्रिया!"

"तुमचं आणि ताईंचं भांडण आहे. मला कोणी विचारलंच नाही. ताईंनी पण नाही आणि तुम्ही पण नाही." ती रडायला लागली, पण वही छातीशी घट्ट धरून. "आज नाही बघितलं तर परत कधी?"

मुखेडच्या भाड्याच्या दोन खोल्यांत गाय कुठून येणार, हे तिथल्या सगळ्यांना कळत होतं. वडिलांनाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

"दादा," सरजाबाई गायीवरचा हात न काढता म्हणाल्या, "ह्या ताईनं काय लिवलं ते मला वाचता येत न्हाई. पर रक्ताचं म्हणाल तर झूट हाय. पयल्या दिवशी तुमची पोरगी तीनदा वकली. मीच पाठ चोळली तिची. दुसऱ्या दिवशी नाकाला फडकं बांधून आली, चौथ्या दिवशी फडकं सोडलं. शिकायलंय लेकरू. रक्तात आसतं तर वकली कशाला आसती?"

मग लगेच, त्याच आवाजात, "आन भांडण मागून करा. गाय व्याया लागली."

पाणमोट फुटली. मुलं किंचाळली, मग एकदम चूप झाली. आधी दोन पिवळट खुर दिसले, मग त्यांच्यावर टेकलेलं नाक. सरजाबाईंनी खुरांना फडकं गुंडाळलं आणि गाय कळ देईल तेव्हाच, तिच्या जोरासोबत ओढू लागल्या. आलोक मटकन खाली बसला, अपूर्वाने त्याला वारा घातला. पंचवीसेक मिनिटांनी वासरू घसरून गवतावर आलं, ओलं, चिकट आणि गप्प.

"नाक पुसा, नाक!" सरजाबाई ओरडल्या. त्या दमून भिंतीला टेकल्या होत्या. "दम घ्याया पायजे त्यानं. ये गं, तुला दावलंय न्हवं!"

बुद्धप्रिया पुढे झाली, आणि वडिलांकडे बघत थांबली. एवढ्या दिवसांत तिला कोणाची परवानगी लागली नव्हती. आता लागत होती, आणि ती माझ्यामुळे.

सोनकांबळ्यांनी पोत्याचे तीन तुकडे उचलले. एक सरांच्या हातात दिला, एक माझ्या.

"आधी सर," ते म्हणाले. "मग मॅडम. मग माझी मुलगी."

सर म्हणाले, "मी?" पण वासरू श्वास घेत नव्हतं आणि मुलं बघत होती. सर गुडघ्यावर बसले. पांढरा कुर्ता शेणात, चिकट्यात आणि आणखी कशाकशात बुडाला. डोळे मिटून त्यांनी वासराचं तोंड पुसलं, बरंचसं चुकीच्या बाजूने. मी जबड्यातला चिकटा बोटांनी ओढून काढला. मला मळमळलं, मी ते लपवलं. मग बुद्धप्रिया बसली. तिने दोन्ही नाकपुड्या नीट पिळून मोकळ्या केल्या, गवताची काडी आत फिरवली आणि वासराच्या छातीवर जोरजोरात चोळलं. वासरू शिंकलं. ती शिंक सगळी सरांच्या दाढीवर गेली.

पोरांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की रेशमा बिथरली. सोनकांबळे टाळ्या वाजवत नव्हते. चष्मा कपाळावर सरकवून ते डोळे पुसत होते आणि पोरीला सांगत होते, "वेळ लिही. वेळ लिहून घे आधी."

बॅग भरली गेली नाही. ते चारपर्यंत थांबले, पाणी प्यायले, भाकरी खाल्ली. जाताना मला एवढंच म्हणाले, "उरलेले दिवस राहू द्या तिला. चिठ्ठ्या नीट टाका."

मी अजून माफी मागितली नव्हती. ते रस्त्याकडे चालत गेल्यावर मी ग्रुप उघडला आणि लिहिलं, ‘बुद्धप्रिया सोनकांबळेबद्दल काल मी जे लिहिलं ते चूक आणि अपमानाचं होतं. मी तिची आणि तिच्या घरच्यांची माफी मागते. गोठ्याचं काम ती इथे आठवडाभरात कष्टाने शिकली. तिला ते मी नाही, सरजाबाईंनी शिकवलं.’ फुलं लावली नाहीत.

काल एकतीस बदाम देणारा ग्रुप अर्धा तास गप्प होता. मग आलोकच्या आईने विचारलं, आलोकला उद्या कोणतं काम आहे, त्याला धुळीची ॲलर्जी आहे. त्याखाली तीन जणींनी आपापल्या मुलांच्या ॲलर्जी कळवल्या.

सहाच्या सुमारास सोनकांबळ्यांचा मेसेज आला. बसमधून टाकला असावा. ‘माफी पोचली. सगळ्यांची आडनावं लिहिता, सरजाबाईंचं राहिलं.’

मी लिहायला बोट टेकवलं आणि तसंच थांबले. मला माहीत नव्हतं. चार वर्षं मी त्या बाईच्या हातचं खाल्लं होतं. ताप आला तेव्हा तिने माझ्या डोक्यावर पट्ट्या ठेवल्या होत्या. सरांना विचारलं, त्यांनी हजेरीचं रजिस्टर काढलं. त्यात लिहिलं होतं, ‘सरजाबाई (गोठा)’. मला इतकी शरम वाटली की मी सरांवरच ओरडले.

मग गोठ्यात गेले. सरजाबाई धार काढून उठत होत्या.

"सरजाबाई, तुमचं आडनाव काय हो?"

त्यांनी बादली खाली ठेवली. ओले हात पदराला पुसले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरळ उभ्या राहिल्या.

"का वो ताई," त्या म्हणाल्या, "काय चुकलं का माझं?"